कॅटलॉगमध्ये धुरंधर कुठे असतात?

आमच्या श्रोत्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो. महाराष्ट्रातल्या चित्रकलेबद्दल, शिल्पांबद्दल, लेण्यांबद्दल नीट वाचायचंय, पण राहायला भारताबाहेर, शिक्षण भलत्याच विषयातलं, आणि लायब्ररीच्या वेबसाइटवर शोधलं की काहीच येत नाही. मग सुरुवात कुठून करायची?

यातलं ‘काहीच येत नाही’ हे महत्त्वाचं आहे. पीएचडीच्या काळात आणि त्यानंतरही माझा बराच वेळ लायब्ऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये गेला आहे, आणि माझा अनुभव असा की ‘येत नाही’ म्हणजे ‘नाही’ असं क्वचितच असतं. वस्तू असते, पण तुम्ही ज्या नावाने तिला हाक मारताय त्या नावाने ती तिथे नोंदलेली नसते. कॅटलॉग कुणीतरी, कधीतरी, कुणासाठी तरी केलेला असतो. तो करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मराठी वाचक सहसा नसतो. हे एकदा ध्यानात आलं की शोधणं सोपं होत जातं. हा लेख त्याबद्दल आहे.

घराजवळचे दोन चित्रकार

मी राहते पिनरला, म्हणजे लंडनच्या वायव्येला, हॅरो बरोमध्ये. इथल्या मेमोरियल पार्कमध्ये हीथ रॉबिन्सन म्युझियम आहे. विल्यम हीथ रॉबिन्सन (१८७२–१९४४) हा इंग्रज चित्रकार. पुस्तकांसाठी चित्रं काढायचा, आणि साध्या कामासाठी दोऱ्या-कप्प्यांची अचाट यंत्रं रंगवण्यासाठी प्रसिद्ध होता. १९०८मध्ये तो पिनरला राहायला आला. २०१६मध्ये त्याच्या नावाचं हे म्युझियम उघडलं. त्याच्यावर काही वाचायचं असेल तर त्याचं नाव टाइप करा, झालं.

आता त्याचाच एक समकालीन घ्या. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४), कोल्हापुरात वाढलेले, १८९०मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि तिथेच शिक्षक होऊन १९३१ला निवृत्त झाले. तेही पुस्तकांसाठी चित्रं काढायचे. दोघांच्या जन्मात पाच वर्षांचं अंतर, मृत्यूचं साल एकच. पण धुरंधरांचं नाव इंग्लंडमधल्या साध्या सार्वजनिक लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये टाकलंत तर बहुधा हाती काही लागणार नाही.

याचा अर्थ धुरंधरांची चित्रं इंग्लंडमध्ये नाहीत असा नाही. एस. एम. एडवर्ड्स या अधिकाऱ्याचं ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) हे पुस्तक धुरंधरांच्या चित्रांनी सजलेलं आहे. ऑटो रॉथफेल्डचं ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) हेसुद्धा. ही पुस्तकं इथल्या मोठ्या लायब्ऱ्यांत आहेत, इंटरनेटवरही फुकट आहेत. फक्त ती लावलेली आहेत ‘ए’ फॉर एडवर्ड्स नाही तर ‘ई’ फॉर एडवर्ड्सखाली आणि ‘आर’ फॉर रॉथफेल्डखाली. पुस्तक लेखकाच्या नावावर नोंदलं जातं. चित्रकाराचं नाव नोंदीत आलंच तर तिसऱ्या-चौथ्या ओळीत येतं, आणि कधी कधी येतच नाही.

म्हणून पहिला धडा हा: कलावंताचं नाव टाकून काही मिळालं नाही, की विचारायचं, ‘हे काम छापलं कुणी? लिहिलं कुणी? पैसे कुणी दिले? मग ते कुणाच्या घरी गेलं?’ आणि ती नावं शोधायची.

नाव एकाचं, हात दुसऱ्याचा

याचं सगळ्यात मोठं उदाहरण अजिंठ्याचं आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४०च्या दशकापासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून लंडनला पाठवल्या. त्यातल्या बहुतेक १८६६मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२पासून जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याला जाऊ लागले. हे काम १८८५पर्यंत चाललं. सुमारे ३०० चित्रं तयार झाली, लंडनला आली, आणि १८८५मध्ये साउथ केन्सिंग्टनला पुन्हा आग लागून त्यातली शंभराहून अधिक गेली. उरलेली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत. ग्रिफिथ्सचे अजिंठ्यावरचे दोन मोठे खंड १८९६–९७मध्ये निघाले.

सगळीकडे नाव दिसतं ते ग्रिफिथ्सचं. पण लेण्यांच्या अंधारात बसून प्रत्यक्ष नकला करणाऱ्यांत मुंबईचे विद्यार्थी होते. पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) हे त्यांतलं एक ठाऊक असलेलं नाव. पुढे ते व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपाला आले. हे विद्यार्थी कोण होते, त्यांचं पुढे काय झालं, हे शोधायचं असेल तर सुरुवात ग्रिफिथ्सच्या नावाखालीच करावी लागते. म्युझियमच्या ऑनलाइन नोंदी एकेक उघडून, ‘चित्रकार’ या रकान्यात कुणाचं नाव आहे ते बघत जायचं. वेळखाऊ काम आहे, पण घरबसल्या करता येतं.

त्याच्याही आधीचं उदाहरण गंगाराम तांबटांचं. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, सवाई माधवरावांच्या काळात, पुण्यात चार्ल्स मॅलेट हा ब्रिटिश रेसिडेंट होता. गंगाराम त्याच्यासाठी चित्रं काढत. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यांनी १७९०मध्ये काढला. वेरूळ-कार्ल्याची लेणी काढली. ही चित्रं आज पुण्यात नाहीत, लंडनमध्येही नाहीत. ती अमेरिकेत, न्यू हेवनच्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत. म्हणजे पुण्याच्या तांबटांचं काम ‘ब्रिटिश’ कलेच्या संग्रहात. ‘इंडियन आर्ट’च्या कपाटात शोधणाऱ्याला ते कसं सापडणार? मॅलेट किंवा जेम्स वेल्स (त्या काळी पुण्यात असलेला स्कॉटिश चित्रकार) या नावांवरून गेलं की सापडतं. येलच्या संग्रहातल्या हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या प्रती फुकट उतरवून घेता येतात. हॉली शेफर यांचं ‘ग्राफ्टेड आर्ट्स’ (२०२२) हे पुस्तक या सगळ्या काळावर आहे. तेही जरूर मिळवा.

कॅटलॉग मराठी कसं लिहितो

दुसरी अडचण लिपीची. इंग्रजी जगातल्या बऱ्याच लायब्ऱ्या मराठी पुस्तकांची नावं रोमन अक्षरांत नोंदतात, आणि ती आपण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो तशी नव्हे. त्याचे ठरलेले नियम आहेत. तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ काम होतं.

एक, ‘च’साठी आपण सी आणि एच लिहितो, तिथे फक्त सी असतो. दोन, ‘श’साठी एस-एच नसतो, एस आणि त्यावर एक तिरपी रेघ असते. शोधताना रेघ टाकायची गरज नसते, नुसता एस चालतो. तीन, शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण बोलताना गाळतो, तिथे तो लिहिलेला असतो. म्हणजे ‘शिल्पकार चरित्रकोश’ हे नाव शोधायचं तर अक्षरं अशी टाकावी लागतात की एखादा इंग्रज ती ‘सिल्पकारा कारित्राकोसा’ अशी वाचेल. हसू येतं खरं, पण पुस्तक सापडतं. शब्दाच्या शेवटाबद्दल शंका असेल तर निम्मा शब्द लिहून पुढे फुली म्हणजे अ‍ॅस्टरिस्क टाकायची. बहुतेक कॅटलॉगना ती कळते. आणि आधी सरळ देवनागरीत टाकून पाहा. काही ठिकाणी नोंदी दोन्ही लिप्यांत असतात.

गावांच्या नावांचंही तसंच. अजिंठा शोधाल तर थोडं मिळेल, अजंता शोधाल तर खूप मिळेल. वेरूळसाठी एलोरा. पुण्यासाठी जुन्या नोंदींत पूना. मुंबई १९९५च्या आधीच्या इंग्रजी पुस्तकांत बॉम्बेच असणार. दोन्ही नावं टाकायची, आधी एक, मग दुसरं.

विषयाच्या बाबतीत एक गंमत आहे. जगभरच्या पुष्कळ लायब्ऱ्या अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयनामावली वापरतात. तिथे ‘इंडियन’ हा शब्द अमेरिकेतल्या मूलनिवासींसाठी वापरात होता, त्यामुळे भारताच्या कलेसाठी विषयनाम ठरलं ‘आर्ट, इंडिक’. चित्रकला असेल तर ‘पेंटिंग, इंडिक’. ‘इंडिक’ हा शब्द आपण कधी बोलण्यात वापरत नाही, पण विषयाच्या रकान्यात तो टाकला की एरवी न दिसलेली पुस्तकं वर येतात.

आणि प्रत्यक्ष कपाटापाशी उभे असाल तर ड्यूई क्रमांक पाहा. ७०९.५४ म्हणजे भारतीय कलेचा इतिहास. ७५९.९५४ म्हणजे भारतीय चित्रकला. शेवटचे ५४ भारताचे. पिनरच्या लायब्ररीत गेलात काय किंवा मँचेस्टरच्या, ड्यूई पाळणाऱ्या लायब्ररीत आकडा हाच.

सार्वजनिक लायब्ररीचं कार्ड

विद्यार्थी नसलात तर आधी हे कार्ड काढा. ब्रिटनमध्ये ते फुकट मिळतं. जवळच्या शाखेत कलेचं कपाट लहान असेल, पण त्या कार्डाची खरी किंमत तीन गोष्टींत आहे. पहिली, इंटरलायब्ररी लोन: थोडं शुल्क भरून दुसऱ्या लायब्ररीतलं पुस्तक मागवता येतं. दुसरी, अनेक काउन्सिल घरून वापरता येतील असे संदर्भकोश देतात, त्यांची यादी वेबसाइटवर असते. तिसरी, ‘अ‍ॅक्सेस टू रिसर्च’ या योजनेत सहभागी असलेल्या लायब्ऱ्यांच्या कंप्युटरवर एरवी पैसे मोजावे लागणारे संशोधनलेख वाचता येतात. याशिवाय जेस्टोरवर स्वतःचं फुकट खातं उघडलं की महिन्याला १०० लेखांपर्यंत ऑनलाइन वाचता येतात. त्यासाठी विद्यापीठ लागत नाही.

पुस्तक कुठे आहे हे शोधायला ब्रिटनमध्ये लायब्ररी हब डिस्कव्हर हा विद्यापीठांचा आणि राष्ट्रीय लायब्ऱ्यांचा एकत्रित कॅटलॉग आहे. जगभरासाठी वर्ल्डकॅट. अमेरिकेत, कॅनडात, जर्मनीत राहणाऱ्यांनी वर्ल्डकॅटपासून सुरुवात करावी. तुमच्या शहराच्या विद्यापीठात दक्षिण आशिया विभाग असेल तर तिथे मराठी पुस्तकं अनपेक्षितपणे मोठ्या संख्येने सापडतात.

लंडनमधली दारं

पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइनने किंग्ज क्रॉसला उतरलं की ब्रिटिश लायब्ररी चालत पाच-सात मिनिटांवर आहे. रीडर पास फुकट, पुस्तकं तिथेच बसून वाचायची, नोट्स पेन्सिलने घ्यायच्या. आपल्या कामाची रीडिंग रूम म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एशियन अँड आफ्रिकन स्टडीज. इंडिया ऑफिसचे कागद, जुने फोटो, आणि मराठी पुस्तकं सगळं इथे मागवता येतं. इतकी मराठी पुस्तकं इथे कशी आली, तर १८६७च्या कायद्यानंतर ब्रिटिश हिंदुस्थानात छापलेल्या पुस्तकांची नोंदणी होऊन तिमाही याद्या निघू लागल्या, आणि त्यांतून निवडलेली पुस्तकं लंडनला येत गेली. जे. एफ. ब्लूमहार्ट यांनी ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातल्या मराठी आणि गुजराती पुस्तकांची छापील यादी १८९२मध्ये केली. ती आजही उपयोगी आहे. ऑक्टोबर २०२३च्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीच्या सेवा टप्प्याटप्प्याने परतत आल्या, त्यामुळे जाण्याआधी कुठल्या गोष्टी मागवता येतात ते पाहून मगच निघा.

साउथ केन्सिंग्टनला, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्येच, नॅशनल आर्ट लायब्ररी आहे. कलेवरची पुस्तकं, प्रदर्शनांचे कॅटलॉग, लिलावांचे कॅटलॉग यासाठी ही जागा. हे शेवटचे दोन प्रकार नवख्याला सुचत नाहीत, पण ज्या चित्रकारावर एकही पुस्तक नाही त्याच्या चित्रांचे फोटो, मापं आणि मालकी लिलावाच्या कॅटलॉगमध्ये मिळते. रसेल स्क्वेअरजवळ सोआसची लायब्ररी मराठी पुस्तकांसाठी. बेडफर्ड स्क्वेअरला पॉल मेलन सेंटरची लायब्ररी ब्रिटिश कलेसाठी, पण मॅलेट आणि वेल्सची गोष्ट आठवत असेल तर आपणही तिथे का जायचं हे लक्षात येईल.

वॉरबर्ग इन्स्टिट्यूटबद्दल एकच सांगते. आबी वॉरबर्गचा हा संग्रह १९३३मध्ये हॅम्बुर्गहून लंडनला आला, आणि त्याची मांडणी ‘चांगल्या शेजाऱ्या’च्या तत्त्वावर आहे: तुम्ही ज्या पुस्तकासाठी आलात त्याच्या शेजारी तुम्हाला खरंच हवं असलेलं पुस्तक असावं. ही सवय कुठल्याही लायब्ररीत लावून घ्या. हवं ते पुस्तक सापडलं की डावीकडची पाच आणि उजवीकडची पाच पुस्तकंही उघडून पाहा. ऑनलाइन शोधताना हे सुख मिळत नाही.

प्रत्येक ठिकाणचे प्रवेशाचे नियम, वार आणि वेळा बदलत असतात. आधी वेबसाइट पाहा, पुस्तकं आदल्या दिवशी मागवून ठेवा, पत्ता दाखवणारा कागद बरोबर घ्या. आणि ग्रंथपालांना ईमेल करायला लाजू नका. ‘मला हे हवंय, असं असं शोधून झालंय, पुढे काय करू’ असं विचारलंत तर ते मनापासून मदत करतात. प्रश्न विचारणं हा त्यांना त्रास नाही, ते त्यांचं काम आहे.

मराठीतलं मराठीतच

इथवर सगळं इंग्रजीच्या दारातून. पण महाराष्ट्राच्या कलेबद्दलचं बरंच मोलाचं लेखन मराठीत आहे आणि त्यातलं थोडंच इंग्रजीत आलंय.

सुरुवातीला मराठी विश्वकोश. ऑनलाइन आहे, फुकट आहे, आणि कलेच्या परिभाषेसाठी फार उपयोगी आहे. रेखन, छायाप्रकाश, उठाव, यथादर्शन हे शब्द इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना तिथे भेटतील. मग ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड, सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांच्या संपादनाखाली निघालेला. कुठल्याही मराठी चित्रकाराबद्दल पहिली चौकशी इथे करायची. याची इंग्रजी आवृत्तीही २०२१मध्ये निघाली आहे, मराठी वाचायला वेळ लागत असेल तर ती शेजारी ठेवा.

मूर्तींसाठी ग. ह. खरे यांचं ‘मूर्तिविज्ञान’. मराठी दृष्टीने कलेकडे कसं बघावं यासाठी द. ग. गोडसे यांचं ‘पोत’ आणि ‘शक्तिसौष्ठव’. चित्रकार स्वतः काय विचार करतो यासाठी प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’. आणि धुरंधरांचं आत्मकथन, ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ (१९४०), जे. जे. आतून पाहिलेल्या माणसाचं.

जुनी मराठी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर मोठ्या संख्येने आहेत. तिथे शीर्षकाची रोमन स्पेलिंग ज्याने चढवलं त्याच्या मर्जीप्रमाणे असते, म्हणून दोन-तीन तऱ्हेने शोधा. एशिया आर्ट आर्काइव्हने दक्षिण आशियातल्या आधुनिक कलेवरच्या लेखनाची सूची केली आहे, तिच्यात भारतीय भाषांतलं लेखनही आहे. मासिकांत विखुरलेल्या लेखांचा माग काढायला अशा सूचीचा उपयोग होतो.

चित्रं वापरायची असतील तर हक्कांचा विचार करा. ब्रिटनमध्ये कलावंताच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. धुरंधर आणि हीथ रॉबिन्सन दोघेही १९४४ला गेले, म्हणजे दोघांचीही चित्रं आता दोन्ही देशांत हक्कमुक्त आहेत. मात्र म्युझियमने काढलेल्या फोटोच्या स्वतःच्या अटी असू शकतात, त्या वाचा.

एक माग, करून पाहण्यासाठी

शेवटी एक खरा माग देते.

१९२४मध्ये वेम्ब्लीला ब्रिटिश एम्पायर एक्झिबिशन भरलं. पिनरहून शहराकडे जाताना ज्या वेम्ब्ली पार्क स्टेशनवरून आम्ही रोज पुढे जातो, तिथेच. त्या प्रदर्शनात जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केलेली एक ‘इंडियन रूम’ होती: भिंती, छत, कोरीवकाम, सगळं मुंबईत तयार करून आणलेलं. स्कूलचे तेव्हाचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी त्यावर ‘द बॉम्बे रिव्हायव्हल ऑफ इंडियन आर्ट’ हे पुस्तक १९२४मध्येच लिहिलं.

आता शोध कसा घ्याल? ‘मराठी’, ‘महाराष्ट्र’ हे शब्द टाकून उपयोग नाही. सॉलोमनचं नाव टाका. प्रदर्शनाचं नाव आणि साल टाका. स्थानिक बाजू ब्रेंट काउन्सिलच्या अर्काइव्हमध्ये आहे, तिथे या प्रदर्शनाचे कागद जपलेले आहेत. त्या काळच्या वादांची पार्श्वभूमी पार्थ मित्तर यांच्या ‘आर्ट अँड नॅशनॅलिझम इन कलोनियल इंडिया’ (१९९४)मध्ये मिळेल, आणि त्या पुस्तकाच्या तळटीपा म्हणजे पुढच्या दहा पुस्तकांची यादीच आहे. मग त्याच वर्षांत जे. जे.मध्ये शिकवत असलेल्या धुरंधरांचं मराठी पुस्तक उघडा, आणि सॉलोमनच्या पुस्तकाशेजारी ठेवा.

ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचू शकणारी माणसं जगात फार नाहीत. लंडनच्या कॅटलॉगपर्यंत पोचलेल्यांतल्या बऱ्याच जणांना मराठी येत नाही, आणि मराठी येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना इथवर पोचणं परवडत नाही. तुम्हाला दोन्ही शक्य आहे. घरी आई-बाबांशी जे मराठी बोलता, तेवढ्यावर सुरुवात होते. वाचनाचा वेग पुढे आपोआप वाढतो.

शोधताना एक वही ठेवा. तारीख, कुठल्या कॅटलॉगमध्ये, कुठलं स्पेलिंग टाकलं, काय मिळालं, काय नाही. ‘काय नाही’ हेही लिहायचं, नाहीतर सहा महिन्यांनी तेच शब्द पुन्हा टाकत बसाल. आणि ग्रिफिथ्सच्या नोंदींत किंवा इंडियन रूमच्या कागदांत एखाद्या विद्यार्थ्याचं नाव सापडलं, तर आम्हाला जरूर कळवा. ते इंग्रजी स्पेलिंगवरून मराठीत नीट कसं लिहायचं, हे आपण मिळून ठरवू.